ट्रॅक्टरची बॅटरी थकली, हे कसे ओळखावे?



दिवाळी झाली की आपल्या नेवासा तालुक्यात ऊसतोडीला जोर येतो. सोनईचा मुळा कारखाना आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर कारखाना सुरू झाला, म्हणजे रस्त्यांवर रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. त्याच सुमारास गव्हाची पेरणी असते, कांद्याच्या लागवडीसाठी रान तयार करायचे असते आणि पुढे तुरीची मळणी येते. वर्षभरात ट्रॅक्टरला सर्वांत जास्त काम याच तीन-चार महिन्यांत पडते. आणि नेमक्या याच दिवसांत, पहाटेच्या थंडीत, पुष्कळ वस्त्यांवर एकच आवाज ऐकू येतो. सेल्फ दोन वेळा कण्हतो, मग ‘टक्’ असे वाजते आणि सारे शांत. पाठोपाठ हाक येते, “अरे, या रे पोरांनो धक्का मारायला!”

गावोगाव फिरताना शेतकरी मला सांगतात, “साहेब, काल संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर बरा चालत होता. बॅटरीनं एकाएकी दगा दिला बघा.” मी विचारतो, “दादा, सेल्फ जड यायला कधीपासून लागला होता?” थोडा विचार करून ते म्हणतात, “तसा दसऱ्यापासून जरा जडच येत होता.” म्हणजे बॅटरी महिना-दीड महिना आपले दुखणे सांगत होती, ते ऐकायला कोणाला सवड नव्हती, एवढेच.

बैल आजारी पडला तर आपण चटकन ओळखतो. त्याने वैरणीला तोंड लावले नाही, रवंथ थांबला, कान गार लागले, की सायंकाळच्या आत डॉक्टरांना बोलावणे जाते. बॅटरीचेही तसेच आहे. क्वचित एखादी बॅटरी आतला सांधा तुटून क्षणात बंद पडते. पण बहुतेक बॅटऱ्या आधी लक्षणे दाखवतात. ती ओळखता आली तर हंगामात खोळंबा होत नाही, विनाकारण नव्या बॅटरीचा खर्च होत नाही आणि बंद ट्रॅक्टर सुरू करताना जे जीवघेणे प्रकार केले जातात त्यांची वेळ येत नाही. आज सांगतो ते ट्रॅक्टरविषयी आहे. परंतु जीप, पिकअप आणि मोटार यांनाही ते तसेच लागू पडते.

बॅटरीत असते तरी काय?

बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. त्यालाच आपण ॲसिड म्हणतो. या दोहोंत रासायनिक क्रिया होऊन वीज मिळते, आणि बाहेरून वीज दिली की ती क्रिया उलट फिरून बॅटरी पुन्हा भरते. अशी पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी १८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रथम तयार केली. आज आपल्या ट्रॅक्टरात असते ती मुळात हीच.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, त्यांना सेल म्हणतात. प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो आणि सहाही एकामागे एक जोडलेले असतात. पूर्वी काळ्या रानात लोखंडी नांगराला सहा बैल जुंपत. त्यांतला एक बैल बसला तर बाकीचे पाच कितीही धट्टेकट्टे असले तरी नांगर अडून राही. बॅटरीतही एक सेल गेला की बाकीचे पाच चांगले असून उपयोग होत नाही.

विहिरीवरच्या ऑइल इंजिनला ज्यांनी हँडल मारले आहे, त्यांना इंजिन फिरवायला किती जोर लागतो हे सांगायला नको. जुन्या मोटारींनाही असेच हँडल मारावे लागे, आणि इंजिन उलटे फिरले तर हात मोडे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसवण्यात आला आणि हे काम बॅटरीकडे आले. ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त वीज ओढतो. मात्र ती काही सेकंदच.

येथे एक हिशेब सांगतो. दोनशे अँपिअरने पाच सेकंद सेल्फ मारला तर बॅटरीतून सुमारे ०.२८ अँपिअर-तास एवढीच वीज जाते. उलट इंजिन बंद ठेवून पुढचे दोन्ही दिवे तासभर जाळले तर सुमारे ९ अँपिअर-तास खर्च होतात. म्हणजे तासभर दिवे जाळणे हे तीस वेळा सेल्फ मारण्यासारखे आहे. मध्यम ट्रॅक्टरची बॅटरी साधारण ७५ ते ९० अँपिअर-तासांची असते. ती नवी असताना असा खर्च पचवते, पण जुनी झाली की तिच्यात तेवढा साठाच राहत नाही. टाकीत गाळ साचला की वरून ती भरलेली दिसते, पण पाणी थोडेच मिळते, त्यातला हा प्रकार.

आजारपणाची लक्षणे

पहिले आणि सर्वांत भरवशाचे लक्षण म्हणजे सेल्फ जड येणे. रोज एका दमात सुरू होणारे इंजिन दोन-तीन दमांत सुरू होऊ लागते. दुपारी, इंजिन गरम असताना, सारे ठीक वाटते. पहाटे मात्र सेल्फ कण्हतो. थंडीत इंजिनचे तेल घट्ट होते, त्यामुळे सेल्फला जास्त जोर लागतो, आणि त्याच वेळी थंडीमुळे बॅटरीची ताकद कमी झालेली असते. म्हणून बॅटरीची परीक्षा पहाटेच्या पहिल्या सेल्फलाच घ्यावी. आपण रोज तो आवाज ऐकतो. त्यातला फरक आपल्याइतका मिस्त्रीलाही कळणार नाही.

दुसरे लक्षण ‘टक-टक’ आवाज. चावी फिरवली की सेल्फवरचा सोलेनॉइड ओढला जातो, पण इंजिन फिरवण्याइतका जोर नसल्यामुळे लगेच सुटतो. असा आवाज आला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या जोडण्या ढिल्या आहेत असे समजावे.

तिसरे लक्षण दिव्यांचे. इंजिन सुरू करण्याआधी दिवे पिवळट, मंद लागतात आणि हॉर्नचा आवाज बसलेला येतो. हे पुष्कळदा घरातल्या भगिनींच्या आधी लक्षात येते, कारण अंगणात येणाऱ्या ट्रॅक्टरचा उजेड त्या रोज पाहतात. त्यांनी हटकले तर ‘तुला काय कळतं’ असे म्हणून सोडून देऊ नये.

चौथे लक्षण पाण्याचे. सहाही सेलमधले पाणी लवकर लवकर आटत असेल तर बॅटरीला जरुरीपेक्षा जास्त चार्जिंग होत आहे. एकाच सेलचे पाणी वारंवार कमी होत असेल तर तो सेल बिघडला आहे किंवा तेथे पेटीला चीर गेली आहे.

पाचवे लक्षण टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी. थोडी बुरशी सगळीकडेच येते. पुसून काढली तरी आठ दिवसांत पुन्हा जमत असेल तर ॲसिड बाहेर येत आहे. याची आणखी एक खूण घरात सापडते. ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या सुती पायजम्याला किंवा सदऱ्याला धुतल्यावर बारीक भोके पडू लागली, तर तो दोष साबणाचा नाही. ॲसिडचा थेंब उडालेला असतो, तो सुकल्यावर दिसत नाही आणि कापड धुताना तेवढी जागा गळून पडते. अशी भोके दिसली की बॅटरी तपासावी आणि तिला हात लावल्यावर हात धुण्याची सवय लावावी.

सहावे लक्षण म्हणजे पेटीच्या बाजू फुगणे, बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापणे किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येणे. येथे वाट पाहू नये. इंजिन बंद करावे, बॅटरी थंड होऊ द्यावी आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय तो ट्रॅक्टर कामाला लावू नये.

सातवे लक्षण, बॅटरी चार्ज करून आणली की दोन दिवस बरी चालते आणि पुन्हा उतरते. असे दोनदा झाले तर तिसऱ्यांदा चार्जिंगला नेण्याआधी पुढील तपासणी करावी.

दोष बॅटरीचा की दुसऱ्याचा?

ट्रॅक्टर सुरू झाला नाही की सगळा राग बॅटरीवर निघतो. तालुक्यातल्या एका बागायतदाराने ऐन तोडणीच्या दिवसांत अशीच घाईने नवी बॅटरी आणली. पंधरा दिवसांत तीही उतरली. त्यांनी दुकानदाराशी भांडण काढले, बॅटरी बदलून मागितली. शेवटी एका मिस्त्रीने बॉनेट उघडून फॅन बेल्टवर अंगठा दाबला, तर पट्टा दीड-दोन इंच आत गेला. ढिल्या पट्ट्यामुळे अल्टरनेटर पुरेसा फिरत नव्हता, मग बॅटरी भरणार कोठून? पट्टा ताणून बसवला आणि काम झाले. जुनी बॅटरी मात्र मोडीत देऊन झाली होती. तीही कदाचित चांगलीच असावी.

म्हणून खर्च करण्याआधी ही साधी परीक्षा करावी. संध्याकाळी अंधार पडल्यावर पुढचे दिवे लावावेत. एकाने सीटवर बसून, गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून, क्लच दाबून सेल्फ मारावा. दुसऱ्याने बाजूला उभे राहून दिवे पाहावेत. ट्रॅक्टरच्या पुढे किंवा मागे कोणी उभे राहू नये.

दिवे अगदी मंद झाले किंवा विझले आणि सेल्फ फिरला नाही, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिले, बुरसलेले आहे. आधी टर्मिनल साफ करून घट्ट करावे आणि पुन्हा पाहावे. पुष्कळांचे दुखणे एवढ्यावरच बरे होते.

दिवे पहिल्यासारखे लख्ख राहिले आणि सेल्फने हूं की चूं केले नाही, तर बॅटरीचा दोष बहुधा नाही. चावीचा स्विच, सोलेनॉइड, सेल्फची वायर किंवा खुद्द सेल्फ तपासून घ्यावा. काही ट्रॅक्टरांत क्लच पुरता दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलमध्ये आणल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, तेही पाहावे.

इंजिन सुरू असताना दिवे कमी रेसवर मंद आणि रेस वाढवली की एकदम लख्ख होत असतील, तर चार्जिंगकडे लक्ष द्यावे. आधी फॅन बेल्ट पाहावा. इंजिन बंद करून पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबले असता तो साधारण अर्धा इंच दबावा. पट्टा ठीक असेल तर अल्टरनेटर, किंवा जुन्या ट्रॅक्टरात डायनामो, मिस्त्रीला दाखवावा.

दोन साधने संग्रही असावीत

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी एक साधा व्होल्ट मीटर आणि एक हायड्रोमीटर घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो. दोन्ही फारसे महाग नसतात आणि चार घरांत मिळून घेतले तरी चालतात.

व्होल्ट मीटरने तीन वेळा मोजावे. पहिल्यांदा पहाटे, ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना. १२.६ व्होल्ट किंवा अधिक दाखवले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. दुसऱ्यांदा सेल्फ मारत असताना पाहावे. त्या वेळी काटा खाली जाणारच, पण तो साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरीत जोर उरलेला नाही. तिसऱ्यांदा इंजिन सुरू होऊन मध्यम रेसवर असताना मोजावे. तेव्हा १३.८ ते १४.४ च्या आसपास हवे. १३ च्या खाली असेल तर चार्जिंग होत नाही, आणि १५ च्या वर गेले तर जास्त चार्जिंग होऊन बॅटरी उकळत आहे.

हायड्रोमीटर म्हणजे ॲसिडचा दाटपणा मोजणारी काचेची नळी. दूधसंकलन केंद्रावर दुधात लॅक्टोमीटर सोडतात, त्याचाच हा भाऊ. भरलेल्या सेलमध्ये तो सुमारे १.२४० ते १.२८० दाखवतो, बॅटरीवाले यालाच ‘बाराशे पन्नास ग्रॅव्हिटी’ वगैरे म्हणतात. १.२०० च्या आसपास आले की बॅटरी निम्मी उतरली. सहाही सेल सारखेच उतरलेले असतील तर चिंता नाही, चार्जिंग करून घ्यावे. पाच सेल १.२५० दाखवतात आणि एकच १.१८० वर आहे, असे असेल तर तो बसलेला बैल सापडला! चार्ज करूनही हा फरक ०.०५० पेक्षा जास्त राहत असेल तर त्या बॅटरीवर पुढे पैसे घालू नयेत. पाणी टाकल्याबरोबर मात्र मोजू नये. ते नीट मिसळलेले नसते आणि आकडा फसवतो.

हल्ली पुष्कळ बॅटऱ्या बंद झाकणाच्या येतात. त्यांत हायड्रोमीटर घालता येत नाही, पण काहींवर एक छोटा गोल डोळा असतो. सामान्यतः तो हिरवा दिसला तर ठीक, काळपट दिसला तर चार्जिंग हवे आणि पांढुरका किंवा पिवळट दिसला तर आतले पाणी कमी झाले आहे. तुमच्या बॅटरीवर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. हा डोळा सहापैकी एकाच सेलची खबर देतो, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये.

बॅटरी का थकते?

चांगली ठेवली तर ट्रॅक्टरची बॅटरी तीन-चार वर्षे सहज जाते. तिचे आयुष्य कमी करणाऱ्या गोष्टी आपल्या अवतीभवतीच असतात.

पहिली, उन्हाळा. बॅटरी बंद पडते थंडीत, पण तिला मार बसलेला असतो उन्हाळ्यात. तापमान दहा अंशांनी वाढले की आतल्या क्रिया सुमारे दुप्पट वेगाने होतात, प्लेटा लवकर झिजतात आणि पाणी आटते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. तेव्हा ट्रॅक्टर रिकाम्या रानात उन्हात उभा करण्यापेक्षा लिंबाच्या सावलीत उभा करावा.

दुसरी, पाणी. प्लेटा उघड्या पडल्या की तेवढा भाग सुकतो आणि कायमचा वाया जातो. पाणी प्लेटांच्या वर सुमारे अर्धा इंच असावे. पेटीवर खूण असेल तर त्या खुणेपर्यंत असावे, जास्त नको. टाकायचे ते डिस्टिल्ड वॉटरच. विहिरीचे, बोअरचे किंवा पाटाचे पाणी कधीही टाकू नये. आपल्याकडच्या विहिरींचे पाणी किती क्षाराचे आहे ते हंड्याच्या बुडाशी जमणाऱ्या पांढऱ्या थरावरून दिसतेच. तेच क्षार प्लेटांवर जाऊन बसतात. ‘जोर कमी झाला’ म्हणून घरी ॲसिड टाकणे हेही चूक आहे. आटते ते पाणी, ॲसिड आतच राहते. वरून आणखी ॲसिड घातले तर ते प्लेटा खाते.

तिसरी, हादरे. ढेकळांतून आणि खडबडीत रस्त्याने जाताना बॅटरी बैठकीवर नाचत असेल तर प्लेटांवरचा लेप गळून तळाशी साचतो आणि शेवटी सेल आतल्या आत शॉर्ट होतो. बॅटरीचा क्लॅम्प घट्ट असावा. नायलॉनच्या दोरीने बांधून भागवू नये.

चौथी, अर्धपोटी ठेवणे. उतरलेली बॅटरी तशीच आठ-पंधरा दिवस पडून राहिली तर प्लेटांवर पांढरा कठीण थर धरतो आणि मग ती पूर्ण भरत नाही. ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल तर अर्थिंगची वायर सोडून ठेवावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी.

पाचवी गोष्ट आमच्या तरुण मित्रांसाठी. कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टर तासन् तास उभा असतो. इंजिन बंद आणि मोठ्या आवाजात गाणी चालू! शंभर वॉट ओढणारा साउंड दोन तास वाजला तर सोळा अँपिअर-तासांहून अधिक वीज गेली. त्यात वरची रंगीत लायटिंग वेगळी. मग नंबर पुकारला जातो आणि सेल्फ उचलत नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहतात, आणि तोडलेला ऊस तर तासागणिक वजनात आणि साखरेत घटत असतो. गाणी ऐकावीत, पण मोजकी.

घोडेगावच्या बाजारात एक वयस्कर नाना मला म्हणाले, “साहेब, बॅटरी भुईवर ठेवली की जमीन तिची वीज ओढून घेते, म्हणून मी फळीवर ठेवतो.” हा समज जुना आहे. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीतून जमीन वीज ओढत नाही. वीज झिरपते ती पेटीच्या वरच्या बाजूला साचलेल्या ओल्या मळीतून, एका टर्मिनलकडून दुसऱ्याकडे. तेव्हा फळी असली तर असू द्या नाना, पण बॅटरीची पाठ आधी पुसा!

जिवावरचे खेळ

आता सर्वांत महत्त्वाचे. बॅटरी थकली की माणसे युक्त्या करू लागतात, आणि त्यांतल्या काही प्राण घेणाऱ्या आहेत.

सर्वांत वाईट युक्ती म्हणजे खाली उभे राहून पान्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे टोक शॉर्ट करणे. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन सुरू होताच तो पुढे झेपावतो, आणि माणूस असतो नेमका मागच्या मोठ्या चाकापुढे. क्लच किंवा न्यूट्रलची जी सुरक्षा कंपनीने दिलेली असते, ती या युक्तीत बाजूला पडते. पळायला एक क्षणही मिळत नाही. ट्रॅक्टर सीटवर बसूनच सुरू करावा, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावा.

दुसरी युक्ती, रोज रात्री ट्रॅक्टर उतारावर लावणे आणि सकाळी सोडून देऊन सुरू करणे. ब्रेक सुटला किंवा चाकाखालचा दगड निसटला तर उताराच्या तळाशी कोण असेल हे सांगता येत नाही. अंगणात लेकरे खेळत असतात. धक्का मारायला तर मुलांना कधीच बोलावू नये.

तिसरी गोष्ट आगीची. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने भडकतो. पाणी किती आहे ते पाहायला काडी पेटवणे किंवा तोंडात विडी घेऊन झाकण उघडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. पेटी फुटून ॲसिड थेट तोंडावर येते. टॉर्च वापरावी. वायर सोडताना चॅसीला जोडलेली अर्थिंगची वायर आधी सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पाना चॅसीला लागून ठिणगी पडत नाही.

दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून सुरू करायचे असेल तर दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या असाव्यात आणि वाहने एकमेकांना टेकलेली नसावीत. अधिकला अधिक आधी जोडावे. मग चांगल्या बॅटरीच्या उणे टर्मिनलवरून निघालेल्या वायरचे दुसरे टोक उतरलेल्या बॅटरीवर न लावता, बॅटरीपासून दूर इंजिनच्या उघड्या लोखंडाला जोडावे. आजकालच्या ट्रॅक्टरांना उणे टोक अर्थिंगला असते. फार जुना ट्रॅक्टर असेल तर ते आधी पाहून घ्यावे. इंजिन चालू असताना स्वतःची बॅटरी काढून दुसऱ्या ट्रॅक्टरला नेणे हाही एक प्रघात आहे. त्याने अल्टरनेटर जळतो.

ॲसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाणी ओतावे. डोळ्यात गेले तर पंधरा-वीस मिनिटे सतत स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि लगोलग डॉक्टर गाठावा. तूप, दूध घालत बसू नये. भगिनींना विशेष सांगणे की बॅटरीचे ॲसिड किंवा पाणी कधीही थंड पेयाच्या बाटलीत भरून घरात ठेवू देऊ नये. लेकरू ते पाणी समजून तोंडाला लावते.

नवी घेताना आणि जुनी देताना

सर्व तपासणी करूनही बॅटरी गेलीच असे ठरले, तर कंपनीने सांगितलेल्या अँपिअर-तासांचीच बॅटरी घ्यावी. पेटीवरची तयार झाल्याची तारीख पाहावी. दुकानात पडून राहिलेली बॅटरीही हळूहळू उतरत असते. दुकानातच व्होल्ट मोजून घ्यावेत. पावती आणि वॉरंटी कार्डावर शिक्का व तारीख घेऊन ती कागदपत्रे सातबाराच्या पिशवीत ठेवावीत.

जुन्या बॅटरीत शिसे असते, त्यामुळे तिला मोडीत किंमत येते. नव्या बॅटरीच्या बदल्यात ती दुकानदारालाच द्यावी. जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची नीट व्यवस्था लावण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. शिसे काढण्यासाठी बॅटरी घरी फोडू नये, ॲसिड बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. शिसे पोटात गेले तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि एकदा मातीत मिसळलेले शिसे निघत नाही.

हे सर्व कधी करावे, असे कोणी विचारील. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला पाच मिनिटे काढून पाणी, टर्मिनल आणि क्लॅम्प पाहावा. उन्हाळ्यात पाणी दर आठवड्याला पाहावे. टर्मिनलवरची बुरशी, झाकणे घट्ट लावून, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवावी, कोरडे करावे आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. सोड्याचे पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये. वर सांगितलेली पूर्ण तपासणी वर्षातून दोनदा पुरे, एकदा मृगाच्या आधी आणि एकदा खंडेनवमीला. त्या दिवशी आपण ट्रॅक्टर धुतो, त्याला हार घालतो. हार घालण्याआधी बॅटरीचे झाकण उघडावे आणि मोजलेले आकडे घरातल्या वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. पुढच्या खेपेला तेच आकडे शेजारी ठेवले की बॅटरी किती थकली ते मिस्त्रीला न विचारताही कळेल, आणि पहाटे पोरांना धक्का मारायला हाक द्यावी लागणार नाही.

पुढील लेखात ट्रॅक्टरचा एअर क्लीनर आणि मळणीच्या दिवसांतील धूळ यांविषयी पाहू. या विषयाबाबत काही शंका असल्यास ट्रॅक्टरचे वर्ष, बॅटरीचे वय आणि वर सांगितलेले तीन व्होल्ट लिहून पत्र पाठवावे. या सदरातून उत्तर देता येईल.